टेस्टरचा खोटा उजेड

माझा नवरा विजेचा धक्का लागून गेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी आशा लावून बसायला नको. मला सांगायचं आहे ते वेगळंच. तार हातात घेण्याआधी त्यांनी तिला टेस्टर लावून पाहिला होता. टेस्टर लागला होता, म्हणजे त्यातला दिवा पेटून तारेत वीज आहे असं सांगत होता. तरी त्यांनी तार हातात घेतली. शहाणासुरता माणूस असं कसं करतो, हे लोक मला अजून विचारतात. विचारणाऱ्यांनीही त्या जागी तेच केलं असतं, पण हे एकेकाला समजावून सांगायचा मला आता वीट आलाय. म्हणून लिहून ठेवते.

आमचं गाव चुडाव्यापासून आत आहे. माहेर ताडकळसचं. वडिलांचं किराणा दुकान होतं, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि सकाळी दुकान उघडताना तराजूला हात जोडल्याशिवाय कुणाला मीठसुद्धा द्यायचे नाहीत. धाकट्या भावाने मात्र तराजूला हात लावला नाही. त्याने बाजाराच्या रस्त्याला मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं. जळालेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची वेटोळी आणि वॉर्निशचा वास, हेच त्याचं जग. मला तो अक्का म्हणतो आणि माझ्या नवऱ्याला दाजी म्हणायचा. आमच्या ह्यांना त्याची खेचायला फार आवडायचं. तो आला की हे मुद्दाम घरातला चांगला चालणारा पंखा दाखवून म्हणायचे, "मेव्हणं, ह्याला हात लावू नका बरं का, नीट चालायलाय." भाऊ हसायचा. त्याला दाजींचा लळा होता, सख्ख्या भावासारखा म्हणेन मी.

शेत फार मोठं नाही. विहिरीत छोटी मोटर टाकलेली, त्यावर हळद आणि बांधाच्या कडेला थोडी मिरची. अडचण एकच होती. वीज यायची ती खांबावरच्या पेटीत आणि खांब चुलत दिराच्या शेतापलीकडे. लाइन आली की तिथवर जाऊन बटण दाबायचं, पाणी झालं की पुन्हा जाऊन बंद करायचं. पावसाळ्यात चिखल तुडवत, पीक उंच झालं की विंचूकाट्याची भीती. लाइन कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे दिवसातून कितीदा तरी ही पायपीट. नवऱ्याचे पाय कायम भेगाळलेले असायचे.

भावाने परभणीहून मोबाईलवर चालणारी पेटी आणून खांबावर बसवली. पेटीत सिमकार्ड. आपण फोन लावायचा, एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद, आणि आतली बाई गोड आवाजात सांगणार, मोटर चालू आहे, मोटर बंद आहे. पहिल्या दिवशी ह्यांनी जेवता जेवता उगाच किती वेळा मोटर चालू-बंद केली असेल. सासूबाई ओरडल्या, "अरं, त्या बाईला बेजार करू नको." घरात इतकं हसणं त्यानंतर झालेलं मला आठवत नाही.

पेटीला दृष्ट लागल्यासारखं झालं. हंगाम संपायच्या आत ती बिघडली. भावाने दुरुस्त केली, पुन्हा बिघडली. कधी चालू होईना, कधी बंद होईना, कधी फोन लावला तर बाई गप्प. भावाने आतला रिले काढला. रिले म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान, काळा, बंद डबा. फोनचा हुकूम आला की त्याच्या आतले दोन पॉइंट एकमेकांना टेकतात आणि मोटरला वीज जाते, दुसरा हुकूम आला की सुटतात. भावाने तो पकडीने फोडून मला दाखवला. पॉइंट जळून काळे झालेले, खडबडीत.

"अक्का, मोटर म्हणजी काय, नुसती गुंडाळलेली तार," तो म्हणाला. "चालू हाय तवर गुमान राहती. बंद केली की लय हिसका देती. म्हशीचं दावं सोडताना कसं हात सोलून जातं, तसं. तो हिसका सगळा ह्या पॉइंटावर येतो. ठिणगी पडती, पॉइंट जळतेत. कधी वितळून चिकटतेत. अन् त्या ठिणगीनं पेटीचं डोकंबी फिरतंय, म्हणून बाई बोलंना."

मी बारावी सायन्स केलेली आहे. मला ते समजलं, आणि समजलं याचा थोडा आनंदही झाला.

मग त्याने त्यावर इलाज काढला. एक लहानसा कंडेन्सर आणि एक रेझिस्टन्स एकाला एक जोडून त्या पॉइंटांच्या दोन बाजूंना लावले. हिसका आला की तो ह्या दोन तुकड्यांनी गिळायचा, पॉइंटवर ठिणगी पडू द्यायची नाही. इलाज लागू पडला. पुढचा अख्खा हंगाम पेटी बिनतक्रार चालली. बातमी फुटायला वेळ लागत नाही. आमच्या गावातच नाही, आजूबाजूच्या गावांतूनही लोक भावाला बोलावून ते दोन तुकडे लावून घ्यायला लागले. दुकानासमोर मोटरसायकली उभ्या राहायला लागल्या. वडील नव्हते पाहायला, पण आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून सांगून त्यांची उणीव भरून काढली.

विहिरीतल्या मोटरच्या तारेला एक जोड असतो. तो पाण्याच्या वर, पायरीपाशी. तो जोड वर्षा-दोन वर्षांनी जळतो, सुटतो, पुन्हा करावा लागतो. सगळ्यांच्या विहिरीत तसंच. जोड करायच्या आधी फोनवर मोटर बंद करायची, सुटलेल्या तारेला टेस्टर लावायचा, टेस्टर नाही लागला की काम सुरू करायचं. आणि लागला तर खांबाकडे जाऊन मेन खटका पाडून यायचं. आपल्याकडे यापलीकडे सुरक्षितता कुणाला माहीत आहे?

ते दोन तुकडे लावल्यानंतर पहिल्यांदा जोड सुटला, तेव्हा ह्यांनी फोनवर मोटर बंद केली. बाई म्हणाली, मोटर बंद आहे. टेस्टर लावला तर तो लागला. हे घाबरून वर आले आणि भावाला फोन केला. भाऊ आला, त्याने स्वतः पेटी तपासली, आणि हसून म्हणाला, "काही न्हाई दाजी, फिकीर करू नका. पॉइंट सुटलेलेच हायती. ह्या कंडेन्सरमधून जराशी लाइन झिरपतीय, तेवढ्यावर टेस्टर लागतो. खोटा उजेड हाय तो." त्याने ती तार दोन बोटांत धरून दाखवली. "बगा. नुसत्या मुंग्या येतेत."

ह्यांनीही धरून पाहिली. खरंच नुसत्या मुंग्या आल्या. मग काय, थट्टेला विषयच मिळाला. "आमच्या मेव्हण्यानं विहिरीवर दिवे लावले," म्हणून हे गावभर सांगत सुटले.

मला ते पटलं नव्हतं. टेस्टर खोटं बोलणार असेल तर तो ठेवायचा कशाला, असं मी म्हणालेही. पण भाकरी थापता थापता बाई जे बोलते ते कोण ऐकतं? आणि मी तरी ते दुसऱ्या दिवशी कुठे लक्षात ठेवलं होतं. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. जोड करायला उतरलेल्या माणसाला वरून कुणी विचारायचं नाही की टेस्टर लागला का. लागायचाच. जोडीला कुणी नवखा असला आणि ओरडला, तर खालून उत्तर यायचं, तो खोटा हाय. तारेला मुंग्या येतात हेही सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. खांबाकडे जाऊन खटका पाडणं म्हणजे भित्रेपणा, असं होऊन गेलं. मेन खटक्याला गंज चढला.

त्या दिवशी मी मिरची तोडत होते. हळदीला पाणी चाललं होतं आणि मध्येच बंद पडलं. हे म्हणाले, जोड गेला वाटतं, सकाळपासनं मोटर धक्के खात होती. त्यांनी फोनवर मोटर बंद केली. चुलत दीर त्याच्या शेतातून पक्कड घेऊन आला. वयाने ह्यांच्यापेक्षा लहान, ह्यांना दादा म्हणणारा, एकमेकांच्या मदतीशिवाय दोघांचंही पान हलत नसे. हे विहिरीत उतरले आणि पायरीवर, घोटाभर पाण्यात उभे राहिले. दीर वर काठावर. मी दूर होते, बोलणं मला ऐकू आलं नाही. दिराने नंतर सांगितलं ते असं, की सुटलेल्या तारेला टेस्टर लावला तर तो लागला. आज जरा जास्तच लागल्यासारखं दिराला वाटलं, पण भर उन्हात टेस्टरचा उजेड नीट दिसतो कुठे. तो म्हणाला, "दादा, टेस्टर लागायलाय."

हे म्हणाले, "लागू दे. मेव्हण्याचा दिवा हाय तो."

हे त्यांचे शेवटचे शब्द.

मला ऐकू आली ती दिराची किंकाळी. "वैनी, बंद करा, मोटर बंद करा!" पेटीचा नंबर माझ्याही मोबाईलमध्ये होता. मी फोन लावला, दोन दाबलं. बाई म्हणाली, मोटर बंद आहे. मी धावत विहिरीकडे आले. हे तारेला तसेच धरून होते. पाय पाण्यात, मान मागे. मी पुन्हा फोन लावला. मोटर बंद आहे. पुन्हा लावला. मोटर बंद आहे. त्या बाईचा आवाज तितकाच गोड होता. दीर खांबाकडे पळाला होता. गंजलेला खटका त्याला हाताने पडेना, त्याने दगड घालून पाडला. तेव्हा कुठे त्यांचं अंग सैल झालं आणि ते पायरीवर कोसळले. तोवर काही उरलं नव्हतं.

भाऊ आला तेव्हा ह्यांना परभणीच्या दवाखान्यातून परत आणलं होतं. तो घरात आला नाही. आधी खांबाकडे गेला. पेटी उघडून त्याने रिले काढला, फोडला, आणि पॉइंट एकमेकांत वितळून एक झालेले पाहिले. जोड सुटायच्या आधी धरसोड करत होता, त्या धक्क्यांनी ते वितळून चिकटले. ते दोन तुकडे ठिणगी कमी करत होते, संपवत नव्हते. फोनवरच्या बाईला पॉइंट दिसत नाहीत, तिला फक्त हुकूम ठाऊक. तिने सुटा म्हणून हुकूम दिला होता, म्हणून ती बंद आहे म्हणत राहिली. आणि खरं सांगणारा एकटा टेस्टर होता, ज्याचं ऐकायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

आमच्यात जाळत नाहीत. बसवून माती देतात, आणि डाव्या तळहातावर लिंग ठेवतात. ह्यांची डावी मूठ उघडेना. स्वामींनी कोमट पाण्याने शेकली, बोटं एकेक करून हलक्या हाताने ओढून पाहिली. उघडली नाही. शेवटी लिंग मुठीवरच ठेवून पांढऱ्या फडक्याने बांधलं. मी ते पाहत होते. मला रडू येत नव्हतं, मला भयंकर राग येत होता.

तो राग भावावर निघाला. चौकटीबाहेर उभं राहून त्याने तो फुटका रिले तळहातावर धरून मला दाखवला, म्हणाला, "अक्का, चिकटला होता." मी त्याच्या हातावर फटका मारून तो उडवून दिला. म्हणाले, "तुझ्या दाजीनं तुझं ऐकलं म्हणून मेला. पुन्हा माझ्या दारात पाय टाकू नको." भावकी म्हणत होती केस करा. मी केली नाही. मायेपोटी नाही. टेस्टर लागतो तरी खोटा असतो, हे पोलिसांना मी कोणत्या तोंडाने समजावून सांगणार होते? पंचनाम्यात अपघात लिहिलं आणि विषय संपला.

भाऊ मात्र विहिरीविहिरीला फिरला. ते दोन तुकडे काढून टाकू द्या म्हणून लोकांना विनवण्या केल्या. काहींनी काढू दिले. त्यांचे रिले पुन्हा जळायला लागले, आणि त्यांनी दुसऱ्या मिस्त्रीकडून तेच तुकडे परत लावून घेतले. बाकीच्यांनी त्याला पेटीला हातच लावू दिला नाही. आमचं चांगलं चालायलंय, कामून छेडतो, म्हणाले. माझ्या नवऱ्याच्या मातीला हीच माणसं आली होती.

भाऊबिजेला तो आला. आदल्या वर्षी आला नव्हता, मी येऊ दिलं नसतं. यंदा अंगणात मोटरसायकल लावून तिथेच उभा राहिला. वाळला होता. सासूबाईंनी मला आतून हाक मारली, "अगं, लेकरू उन्हात उभं हाय." मी बाहेर आले. मी ओवाळणीची तयारी केली नव्हती, आणि त्याचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"अक्का, एकदा खांबापशी चल," तो म्हणाला. "एक दाखवायचंय. मग पुन्हा येत न्हाई."

आम्ही खांबापाशी गेलो. त्याने खटका पाडला, आणलेली नवी पेटी बसवली. आत तेच दोन तुकडे. मी काही बोलायच्या आत त्याने बोट ठेवून दाखवलं. आधी त्या तुकड्यांचं एक टोक लाइन येते त्या स्क्रूला होतं आणि दुसरं मोटरकडे जाते त्या स्क्रूला, म्हणजे पॉइंटांना ओलांडून. म्हणून पॉइंट सुटले तरी लाइन तुकड्यांतून झिरपायची. आता दुसरं टोक होतं तिथेच होतं. पहिलं मात्र लाइनच्या स्क्रूवरून काढून न्यूट्रलच्या स्क्रूला लावलं होतं. तुकडे मोटरच्या दोन टोकांवर आले.

"हिसका मोटर देती," तो म्हणाला. "तिथंच गिळायचा. म्हणजी पॉइंटबी वाचतेत, अन् लाइन झिरपत न्हाई. मोटर बंद असली की टेस्टर लागत न्हाई. अन् लागला, तर तो खराच."

"हे तुला तेव्हा माहीत नव्हतं?"

"न्हाई अक्का. पॉइंट जळायलेत म्हणून पॉइंटावर लावलं. तेवढीच अक्कल चालली. दाजी गेल्यापासनं रोज दुकान लावून घेतल्यावर हेच करत बसतो."

मी पेटीत हात घालून त्या दोन स्क्रूंच्या मध्ये बोटं ठेवून पाहिली. चार बोटं मावली. माझा नवरा आणि मी, आमच्यामध्ये एवढंच अंतर पडलं होतं. तेव्हा मी रडले. खांबाला धरून रडले. भाऊ लांबच उभा राहिला, त्याची जवळ यायची हिंमत झाली नाही.

डोळे पुसून मी म्हणाले, "चल, सगळ्यांच्या विहिरीवर जाऊ."

"लोक हात लावू देत न्हाईत, अक्का."

"देतील," मी म्हणाले.

मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले. खरंच कुणी नाही म्हणालं नाही. मला काही बोलावंही लागलं नाही. मी नुसती बांधावर उभी राहायचे, कपाळावर फक्त विभूती, आणि माझ्याकडे पाहून माणूस मुकाट्याने पेटीची कडी काढायचा. भाऊ एक टोक इकडून तिकडे लावायचा, आम्ही मोटरची तार सोडून टेस्टर लावून पाहायचो, टेस्टर विझलेला राहायचा, आणि पुढच्या विहिरीकडे निघायचो.

चुलत दिराची विहीर शेवटी ठेवली होती, कारण त्याच्या मोटरच्या जोडाचंही काम निघालं होतं. आदल्या दिवसापासून मोटर बंद होती, धक्के खाऊन थांबली, म्हणाला. सकाळी लाइन नसताना त्याने जोड उघडूनच ठेवला होता. भावाने खांबाकडे जाऊन खटका पाडला, टोक बदललं, खटका पुन्हा चढवला आणि हात वर करून झालं म्हणून खूण केली. दिराने फोन लावून दोन दाबलं. बाई म्हणाली, मोटर बंद आहे. मी काठावर, दीर पक्कड घेऊन खाली पायरीवर. त्याने सुटलेल्या तारेला टेस्टर लावला.

टेस्टर लागला.

"लागायलाय वैनी," तो सहज म्हणाला, टेस्टर खिशात टाकला, आणि "तो खोटा हाय" म्हणत तारेकडे हात नेला. जो खांबाकडे धावला होता, ज्याने दगडाने खटका पाडला होता, तो.

मी पायऱ्या कशा उतरले ते मला आठवत नाही. त्याच्या मनगटावर मी असा फटका मारला की पक्कड पाण्यात पडली. तिथूनच भावाला ओरडून खटका पाडायला लावला. त्याने रिले काढून आणला आणि तिथेच फोडला. पॉइंट एकमेकांना चिकटून एक झाले होते.

दीर पायरीवर खाली बसला आणि आपला डावा तळहात समोर धरून पाहत राहिला. त्याने बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. उघडत होती.